वसंता, सूं गेला

वसंता, व्हॅनमधला तो सूंऽऽ गेला.

आज नाई गेला. तू दवाखान्यात भरती झाला, त्याच्या पाचव्या दिवशीच गेला. त्याच्यानंतर दोन आठवडे तू रोज फोनवर विचारत होता, "जय भीम मास्तर, गेला का बे आवाज?" अन मी रोज म्हणत होतो, "नाई गेला." खोटं बोलत होतो. आता तुले जाऊन नऊ दिवस झाले अन मी हे कागदावर लिहून राह्यलो, कारण तुले सांगाची दुसरी सोयच राहिली नाई.

फार थकलो आहे, वसंता. रडून थकलो असतो तर बरं झालं असतं. रडलोच नाई. हातपायच जड झाले आहेत, शाळेत खडू उचलाले कंटाळा येते.

परवा तुह्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. "भाऊ, दोन शब्द तुमीच बोला," असं सुनंदावहिनीनं मले तिसऱ्याच दिवशी सांगून ठेवलं. अशा वेळी लोक काय बोलतात ते मले माहीत आहे. मनमिळाऊ होते, कोणाच्याही मदतीले धावून जात, समाजाची हानी झाली. तू कुठचा मनमिळाऊ? तू एक नंबरचा तिरसट. मूल गावच्या राइस मिलमधे तू इलेक्ट्रिक फिटर होता अन मालकसुद्धा तुह्या मशीनजवळ चप्पल न वाजवता येत होता. मदतीले धावून जाणं तर दूरच, माणूस तीनदा बोलवाले आला का मग तू उठणार, अन वरून म्हणणार, "बिघडवून ठेवता अन मंग माही आठवन येते."

पोरांले "मला, तुला" शिकवण्यात माही सारी नोकरी गेली. तुह्याशी तसं बोललो असतो तर तू म्हणला असता, "काय बे, इन्स्पेक्शन हाये का आज?" म्हणून हे आपल्याच बोलीत लिहितो.

आपली ओळख आठवते का? मी धान कुटाले घेऊन आलो होतो. नवीनच घेतलेली जुनी व्हॅन होती, अन तिच्यातला गाण्याचा डेक रोज सगळं विसरत होता. गाडी बंद केली का घड्याळ बारावर, स्टेशन गायब, आवाज शून्यावर. बाजारातला डेकवाला म्हणाला होता, डेक गेला, नवा घ्या. पोते उतरेपर्यंत तू दारात उभा राहून पाहिलं अन विचारलं, "याले रोज नवा जनम भेटते का?" मग आत वाकून डेक बाहेर ओढला. मागून वायरींचा हा एवढा गुंता निघाला. मले वाटलं आता हा माणूस करून देईल. तर तू बाजूले सरकला अन म्हणाला, "कर."

"मी?"

"गाडी कोनाची हाये? पिवळी म्हंजे कायमचा करंट, लाल म्हंजे चाबीचा. कोन्या भैताडानं उलटं जोडलं. बदल."

मी आयुष्यात कधी वायर सोलली नव्हती. तुह्या पेचकसानं अन माह्या दातानं सोलली. लाल पिवळ्याले, पिवळी लालले जोडली, टेप गुंडाळली. तू घड्याळ लावाले सांगितलं. चाबी काढली. पुन्हा चाबी लावली तर घड्याळ बरोबर! चार वाजून दहा मिनिटं. एवढे छोटे हिरवे आकडे, पण तिच्या मायले, मले असं वाटलं जसं काही मीच कुठी धरण बांधून आलो. घरी जाईपर्यंत मी तीनदा गाडी बंद करून पाहिली.

तेव्हापासून ते येड लागलं. लोकांले वाटे आपल्याले गाण्याचा शौक आहे. गाणं तर आपण धड कधी पूर्ण ऐकलंच नाई. एका गाण्याचे पहिले चार शब्द, मग बंद, मग पुन्हा तेच चार शब्द. आपल्याले शौक होता बिघाडाचा. खरं सांगू का, माह्या धंद्यात निकाल असा जागेवर लागतच नाई. पोरगं पाचवीतून जाते, ते शिकलं का नाई हे कळाले वीस वर्षं लागतात अन तोपर्यंत ते पुण्याले निघून गेलेलं असते. वायरीचं तसं नाई. लागली का लागली. त्या अर्ध्या सेकंदात, जेव्हा मेलेला स्पीकर खर्रकन बोलते, तेव्हा माह्या पोटात जो आनंद होत होता तो मले दुसऱ्या कशातच भेटला नाई. हे मी घरी कधी बोललो नाई. तुलेही नाई.

तुह्या एका नियमाचा मले सुरुवातीले बम राग येई. एका वेळी एकानं एकच वायर हलवाची, अन हात लावाच्या आधी तोंडानं मोठ्यानं सांगाचं. "निळी काढून राह्यलो." "फ्यूज बसवून राह्यलो." एवढ्याशा बारा व्होल्टच्या गाडीत कायची आली एवढी शिस्त, असं मी म्हणालो होतो. तू उजव्या हाताचा अंगठा दाखवला. नखाच्या वरचा तुकडाच नव्हता. तू मशीनच्या पट्ट्यात हात घातला असताना कोणीतरी न सांगता खटका दाबला होता. "मिलमधे न सांगता हात लावला का कोनाचा तरी हात जाते, मास्तर. सांगून लावाचा." त्याच्यानंतर मी कधी हुज्जत घातली नाई. शाळेत फळा पुसतानाही तोंडातून निघून जाई, "पुसून राह्यलो रे."

तुह्या अंगणात तो स्पीकरचा प्रकार झाला, तोही आठवते. चारही स्पीकर वाजत होते पण ढोल पोटात लागत नव्हता. पत्र्याच्या डब्यासारखं वाजे. मी पुस्तकं पाहिली, मोबाईलवर पाहिलं, काही कळेना. तू घरातून टॉर्चचा सेल आणला. एकेका स्पीकरच्या दोन वायरी सेलले लावून पाहत गेला. तीन स्पीकरचा कागद टप्पकन बाहेर आला, चौथ्याचा आत गेला. "हा पाह, उलटा," तू म्हणाला, अन वहिनीले हाक मारली, "सुनंदा, ये पाह, हे आपल्यासारखं हाये. मी ढकलतो अन तू ओढतं, म्हून घरात काई आवाज नाई." वहिनी चहा ठेवून म्हणाली, "मंग वायर कोनाची बदलाची, ते सांगा आधी." तू सेल खिशात घातला. मी हसून हसून चहा सांडवला.

अन चंद्रपूरच्या रस्त्यावरचं! खड्डा आला का गाणं बंद, दुसरा खड्डा आला का चालू. आपण मोजत चाललो होतो. मूल सोडून बरंच पुढे जंगलात आल्यावर तू एकदम ओरडला, "थांब! आता गाणं तुटलं का तिथीच थांब!" भर दुपारी, दोन्ही बाजूनं बांबू, अन तू डॅशबोर्डखाली शिरला. पाय दाराबाहेर रस्त्यावर. मागून वनरक्षक मोटरसायकलवर आला अन शिव्याच द्याले लागला. "मराचं हाये का तुमाले? सकाळीच इथून गेला तो!" तू आतूनच म्हणाला, "साहेब, त्याले म्हना पाच मिनिट थांब. फ्यूजची क्लिप सैल हाये." मी बांबूकडे पाहत उभा. तरी तू क्लिप दाबली, चिमट्यानं आवळली, फ्यूज बसवला, अन आधी ओरडून सांगितलं, "बसवून राह्यलो!" जसं काही वाघालेही कळाले पाहिजे.

एवढे सगळे बिघाड आपण काढले, अन शेवटचा एक राहिला. तुह्या हिशेबानं राहिला.

उन्हाळ्यात तू ते जुनं अँप्लिफायर आणलं. मागच्या सीटखाली बसवलं. गाडीच्या तळाले भोक पाडलं, भोकाभोवतीचा रंग खरवडून खरवडून लोखंड चांदीसारखं केलं अन तिथी बोल्टनं अर्थिंगची वायर कसली. दोन महिने असं वाजलं का शाळेतल्या खिडक्या हलत. मग पाऊस लागला अन सूं सुरू झाला. इंजिन बंद असताना काही नाई. चालू केलं का स्पीकरमधून बारीक सूंऽऽ. रेस केली का तो सूर चढत जाई, पाय काढला का उतरे. गाण्याच्या मागे, बातम्यांच्या मागे, सगळ्याच्या मागे तोच. डोकं पिकलं.

दर रविवारी तेच, कधी माह्या दारात, कधी तुह्या अंगणात. डाव्या सीटवर उलटं वळून बसाचं, उजवा कान दाराच्या स्पीकरले लावाचा, डोळे मिटाचे, अन म्हणाचं, "रेस कर." मी रेस करे. तुह्या मते करंटची मोठी वायर अन आवाजाची वायर एकाच बाजूनं नेली होती, म्हणून मोठी वायर लहानीले त्रास देत होती. माह्या मते तुहं अँप्लिफायरच भंगार होतं. मी एकदा अर्थिंगचं नाव काढलं तर तू भडकला. "अर्थिंगचं बोलूच नको. ते मी माह्या हातानं खरवडलं. जगात सगळं खराब होईन, ते नाई होनार."

चार रविवार गेले. पाचव्या रविवारी माही शाळेची कटकट झाली होती, ऊन होतं, अन तू सातव्यांदा म्हणाला, "रेस कर." मी म्हणालो, "तुले ऐकू तरी येते का बे? मिलमधे कान गेले तुहे. बहिऱ्याच्या भरवशावर कुठी गाडी सुधरते?"

तुहा डावा कान खरंच गेला होता. मशीनच्या धडधडीत तीस वर्षं काढल्यावर जाणारच. तू त्याच्यावर स्वतः हसे, दुसऱ्यानं हसलेलं तुले चालत नव्हतं, अन हे मले माहीत होतं. तू पेचकस पँटले पुसला. खिशात ठेवला. म्हणाला, "सूं ऐकाले एक कान पुरते, मास्तर." अन पायी घरी गेला. मी आवाज दिला नाई.

दीड महिना आपण बोललो नाई. त्या दीड महिन्यात तुहा खोकला वाढला, अन मले ते बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तीस वर्षांचा कोंडा छातीत बसला होता म्हणे. तू भरती झाल्याचंही मले असंच कळलं. मी चंद्रपूरले आलो तेव्हा तुह्या नाकात नळी होती. मी खाली मान घालून उभा राहिलो. वाटलं आता हा तोंड फिरवते. तू मले जवळ बोलावलं अन पहिली गोष्ट काय विचारली? "गेला का आवाज?"

तेव्हा मी खरं बोललो होतो. तेव्हा तो गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मले घरात बसवेना. दवाखान्यात तुह्यासाठी काही करता येत नव्हतं, निदान हे करू म्हटलं. एकटाच बसलो. तुह्या पद्धतीनं, एका वेळी एक. तोंडानं बोलत, ऐकाले कोणी नसताना. शेवटी नाइलाजानं, सगळं संपलं म्हणून, एक लांब वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट मागे आणली अन अँप्लिफायरच्या अर्थिंगच्या पेचाले नुसती टेकवली. इंजिन चालू होतं.

सूं बंद.

वायर काढली, सूं आला. टेकवली, बंद. बापा रे! मी लहान पोरासारखं वीस वेळा केलं. म्हणजे अर्थिंगच खराब होतं. तुहं, जगात कधीच खराब न होणारं अर्थिंग. वसंता, मी तिथी बसून मोठ्यानं हसलो. तुह्यावर हसलो. आता सांगतो बुढ्याले, म्हटलं. फोन काढून बाजूले ठेवला अन पाना घेऊन आधी तो बोल्ट खोलला.

खाली डांबर होतं.

बोल्टच्या खाली, वायरीच्या छल्ल्याखाली, तू चांदीसारखं केलेल्या त्या लोखंडावर काळंकुट्ट डांबर, ज्याच्यातून करंट जातच नाई. अन मग आठवलं. पाऊस लागाच्या आधी आपल्या इकडे कोण काय करते? चौकटीले डांबर, कुंपणाच्या खुंटांले डांबर, वाळवी लागू नये, ओल धरू नये म्हणून. डब्यात थोडं उरलं का माणूस इकडेतिकडे पाहते, अजून कुठी लावू. मी गाडीच्या तळाले लावलं होतं. सीट उचलली तर तिथी उघडं लोखंड चमकून राह्यलं होतं. उघडं लोखंड दिसलं का आपल्याकडच्या माणसाले राहवते का? गंज चढंल म्हणून मी तो बोल्ट काढला, चांगलं दोन हात डांबर फासलं, अन वरून पक्का कसून टाकला. तुले सांगितलं नाई. सांगण्यासारखं काही केलं असं वाटलंच नाई. मग विसरून गेलो. आपलेच दात अन आपलेच ओठ.

काचपेपरनं घासलं. रॉकेलनं पुसलं. पुन्हा लोखंड पांढरं केलं, बोल्ट कसला, गाडी चालू केली. गाणं लावलं नाई. आवाज पूर्ण वाढवून नुसता बसलो. काही नाई. रेस केली, काही नाई. आपण दोघांनी मिळून जेवढे बिघाड काढले त्या सगळ्यात हा मोठा होता, अन आनंद झाला बे. खोटं कशाले सांगू, झालाच. एक मिनिटभर झाला. मग फोनकडे पाहिलं अन फोन खिशात ठेवून दिला.

लाज वाटली, वसंता. दुसरं काही कारण नाई. मी तुले बहिरा म्हणालो होतो. तुले जे ऐकू येत होतं ते माह्याच हातचं होतं, अन मी तुले बहिरा म्हणालो. हे फोनवर कसं सांगाचं? म्हटलं, तू घरी ये, तुले सीटवर बसवतो, ऐकवतो, मग समोरासमोर सांगतो. नंतर नंतर मी स्वतःले दुसरंच समजावाले लागलो. हा प्रश्न डोक्यात असला का तुहा जीव त्याच्यात गुंतून राहील, या सूंसाठी तरी तू उठून येशीन. वहिनी म्हणेही, "भाऊ, तुमचा फोन आला का ते उठून बसतात." ते ऐकून मले वाटे मी पुण्यच करून राह्यलो. पण चोराच्या मनात चांदणं. अन अजून एक सांगतो, कारण आता काय लपवाचं. तू बरा होऊन आला असता तर मी "अर्थिंग ढिलं होतं" एवढंच सांगितलं असतं. डांबराचं बहुतेक गिळून टाकलं असतं.

तू रोज एक उपाय सांगे. वायर डाव्या बाजूनं घे. मी म्हणे, घेतली. मी खुर्चीवरून उठलोही नसे. डेकचं अर्थिंग वेगळं कर. केलं. "मंग चालू करून मले ऐकव." मी म्हणालो, बॅटरी उतरली. तुहा दम लागे, दोन शब्दांमधे थांबून थांबून तू मले वायरींचे रंग सांगे. अन मी "हाव, हाव" करे. शाळेत पोरगं असं खोटं बोललं असतं तर मी कान धरून बाहेर उभं केलं असतं.

शेवटच्या फोनवर तू काही उपाय सांगितला नाई. म्हणाला, "मास्तर, चूक माहीच असन. वायर मीच उलटी नेली. तू म्हनत होता ते खरं हाये, आता कान राह्यले नाई माहे."

इथी तरी सांगाचं होतं. चार शब्द होते. मी काय म्हणालो? "तसं काही नाई बे. आराम कर. आल्यावर पाहू." दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला.

तुले आणलं तेव्हा मिल बंद ठेवली होती. इतक्या वर्षांत त्या रस्त्यानं मी मिलचा आवाज नाई असं कधी ऐकलं नव्हतं. त्रिशरण सगळ्यांनी म्हटलं. मी ओठ हलवले.

काल कार्यक्रमाचं ठरवाले तुह्या घरी गेलो. खुर्च्या किती, भंतेजी किती वाजता येतात, एवढंच बोलणं होतं. ते झालं अन वहिनीनं आतून एक पिशवी आणली. दवाखान्याचे रिपोर्ट होते. सगळ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तू माह्या गाडीचं चित्र काढलं होतं. बॅटरी, डेक, अँप्लिफायर, चार स्पीकर. एकावर वायर डाव्या बाजूनं, एकावर वरून, एकावर खालून. छातीच्या फोटोच्या पाकिटावरही. सगळ्या चित्रांत वायरी बदलत होत्या, पण अर्थिंग प्रत्येकात तिथीच होतं. तेवढं तू एकदाही हलवलं नव्हतं.

वहिनीनं विचारलं, "भाऊ, मंग तो आवाज गेला का हो? शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी तेच होतं."

मी सगळं सांगितलं. पाचवा दिवस सांगितला, डांबर सांगितलं, बहिरा म्हणालो ते सांगितलं, बॅटरी उतरली नव्हती तेही. सांगताना भिंतीकडे पाहत होतो. मले वाटलं वहिनी म्हणतीन, जाऊ द्या भाऊ, झालं ते झालं. लोक असंच म्हणतात.

वहिनी तसं म्हणाली नाई. तिनं कागद एकावर एक ठेवले, कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, "डॉक्टर त्यांले झोपा म्हने, अन हे उठून कागद मागत. त्याच्यावर रेघा मारत बसत. मी चिडले तर म्हनत, सुनंदा, मास्तरची गाडी मी खराब करून ठेवली, तेवढी नीट करू दे. शेवटल्या सकाळीही तेच. एक शब्द सांगाले काय झालं होतं तुमाले?"

"लाज वाटली वहिनी."

"लाज तुमाले वाटली, अन ओझं त्यांनी नेलं?"

मी उठलो तर ती म्हणाली, "बसा. कार्यक्रमात लोकांसमोर काई गोड गोड बोलू नका. हे सांगा. त्यांनी लावलेलं पक्कं होतं, ते सांगा." मी हाव म्हणालो. सांगीन, वसंता. सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगीन. मिलमधली माणसं येणार आहेत, त्यांले तर नक्की कळंल मी काय केलं ते.

मी बाहेर आलो. दार उघडून गाडीत बसलो. मागून चप्पल वाजली. वहिनी आली, अन डाव्या बाजूचं दार उघडून सीटवर बसली. एवढ्या वर्षांत ती कधी त्या सीटवर बसली नव्हती, ती नेहमी मागे बसे.

"चालू करा," म्हणाली.

चालू केली. डेक लावला, गाणं नाई, नुसता आवाज पूर्ण वाढवला. तिनं पदर कानामागे घेतला अन कान दाराच्या स्पीकरले लावला. कसं बसाचं हे तिले माहीत होतं. अंगणातून इतके रविवार पाहत आली होती.

"रेस करा."

मी रेस केली. इंजिन ओरडलं. स्पीकर गप्प.

"काईच येत नाई," ती म्हणाली.

"हाव वहिनी. काहीच याले नाई पाहिजे."

"हेच?" तिनं माह्याकडे पाहिलं. "एवढं एक काईच नाई ऐकासाठी तुमी दोघं रविवार रविवार इथी बसत होते?"

"हाव."

मले वाटलं आता ही उतरते. माहा हात चाबीकडे गेला. वहिनीनं तो मनगटापाशी धरला. तिचा कान अजून दारालेच होता, डोळे मिटलेले.

"बंद नका करू," म्हणाली. "ऐकू द्या मले थोडं."